शाळा, लग्न आणि अठरावा रकाना

आपल्या शेजारच्या बांगलादेशात १९९४ साली सरकारने एक साधी योजना देशभरच्या ग्रामीण भागात लागू केली. सहावी ते दहावीच्या मुलींना फी माफ आणि वर थोडे विद्यावेतन. रक्कम ऐकून हसू येईल. सहावीत महिन्याला २५ टका, दहावीत ६०. पण ती मुलीच्या स्वतःच्या नावाने बँकेत जमा व्हायची. अटी तीन होत्या. हजेरी ७५ टक्के, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत लग्न करायचे नाही.

मी बरीच वर्षे मुलींना शिकवले, म्हणून असेल कदाचित, पण मला ही तिसरी अट फार शहाणपणाची वाटते. खेड्यातल्या बापाच्या मनात लेकीचे लग्न लांबवायचे असले, तरी सोयऱ्याधायऱ्यांना काय सांगायचे हा प्रश्न असतोच. 'सरकारचे पैसे बंद होतील हो,' हे उत्तर त्याला आयते मिळाले. पंचवीस टका घेऊन घर चालत नाही, पण आलेले स्थळ परत पाठवता येते.

काही वर्षांतच माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलांच्याही पुढे गेली. रंगपूरजवळच्या गावात जन्मलेल्या बेगम रोकेया यांनी १९११ साली कोलकात्यात आठ मुलींवर शाळा सुरू केली, तेव्हा घरोघर जाऊन पालकांची मनधरणी करावी लागे आणि मुलींना पडदे लावलेल्या गाडीतून आणावे लागे. त्या मानाने केवढा पल्ला!

तरी एक कोडे उरतेच. २०२२ च्या आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी निम्म्या बायकांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. (महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण पाचात एक होते, तेव्हा नाके मुरडायला नकोत.) शाळा भरल्या, मग लग्ने का थांबली नाहीत?

पुष्कळ मुलींची शाळा दहावीच्या आधीच सुटते, हे एक. दुसरे कारण आपल्या ओळखीचे आहे. मुस्लिम रीतीप्रमाणे नवऱ्याने बायकोला मेहर द्यायचा असतो. प्रत्यक्षात मात्र पैसे मुलीच्या बापाकडूनच मागितले जातात. हुंड्याला १९८० पासून कायद्याने बंदी आहे, तरीही. मुलगी जेवढी मोठी, तेवढा आकडा मोठा. तेराव्या-चौदाव्या वर्षी उरकले तर स्वस्तात सुटते. त्यात पूर येतो, नदी जमीन कापत नेते, रस्त्यावर पोरे मुलीची छेड काढतात. यातला कोणताही बाप दुष्ट नसतो. तो घाबरलेला असतो.

मग कायदा काय करतो? मूळ कायदा आपल्या ओळखीचाच, १९२९ चा सारडा कायदा. फाळणीनंतर तो तिकडेही चालू राहिला आणि १९८४ मध्ये वयाची अट मुलीला १८, मुलाला २१ झाली. पण जन्माचा दाखलाच चार पैसे देऊन बदलून मिळत असेल, तर अट कोणाला आडवी येणार? शिवाय असे लग्न हा गुन्हा असला, तरी झालेले लग्न आपोआप रद्द होत नाही. २०१७ साली नवा कायदा आला. त्यात शिक्षा वाढली, पण एक खिडकीही उघडी ठेवली गेली. 'विशेष परिस्थितीत' मुलीच्या हितासाठी, आईबापांची संमती आणि न्यायालयाचा आदेश असेल तर अठराच्या आतले लग्न गुन्हा ठरणार नाही. किती आत, हे लिहिलेच नाही. तिथल्या महिला संघटनांनी याविरुद्ध पुष्कळ आवाज उठवला. मला त्यांचे म्हणणे पटते.

धर्माचे नाव या विषयात नेहमी पुढे केले जाते. पण मुस्लिम विवाह हा करार आहे. त्यात वधूची संमती विचारावी लागते आणि करार कागदावर उतरतो. बांगलादेशात १९७४ पासून लग्नाची नोंदणी सक्तीची आहे. त्या छापील कागदाला तिथे काबिननामा म्हणतात. त्यातल्या अठराव्या रकान्यात एक प्रश्न असतो : तलाक देण्याचा अधिकार नवऱ्याने बायकोला दिला आहे काय, आणि दिला असल्यास कोणत्या अटींवर? तिथे 'होय' असेल, तर पुढे संसार नाहीच जमला तर बाईला स्वतः बाहेर पडता येते. 'नाही' असेल, तर बहुधा कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

हा कागद काजी भरतात आणि घरातले पुरुष बाजूला बसलेले असतात. चौदा वर्षांची मुलगी बोट दाखवतील तिथे सही करते. दहावी झालेल्या मुलीला निदान तो रकाना वाचता येतो, आणि सही करण्याआधी विचारताही येते की, इथे तुम्ही काय लिहिलेत?