साडेआठचं पाणी

कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत असे गुलाब दिसले म्हणून थांबलो. लोहाची कमतरता, हे कुणीही सांगेल. तिथल्या मावशींनी पुढचं सांगितलं. "लोह हाय की मातीत. आमचं बोरच साडेआठ हाय, रोपाला ते घेता येईना."

साडेआठ म्हणजे पाण्याचा पीएच. भांडखोर शेजाऱ्याचं नाव निघावं तसा हा आकडा त्यांच्या बोलण्यात सारखा येतो.

इलाज किराणा दुकानातला : सरबतात पडतं ते लिंबूसत्त्व. दोनशे लिटरच्या टिपात किती? पहिल्या वीस ग्रॅमला कागदाची पट्टी थेट सातवर आली. मला काम झालं असं वाटलं, मावशी तोलतच होत्या. बोरच्या पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. आम्ल पडलं की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. सातच्या खाली त्यामुळेच पट्टी रेंगाळते. थोडक्यावर थांबून टीप तसंच ठेवलं, तर वायू उडून जातो आणि सकाळी पाणी पुन्हा आठच्या वर. "रात्रीत पलटतंय," मावशी म्हणाल्या. साठ ग्रॅमला पट्टी सहाच्या जरा वर टेकली आणि लगेच झारी फिरू लागली. एवढं आम्ल ताज्या लिंबांतून काढायचं तर चाळीसेक लिंबं पिळावी लागतील. घरगुती उपाय सांगणारे दोन थेंब पिळून मोकळे होतात, त्यांच्यावर माझा म्हणूनच विश्वास नाही.

कुणीतरी मावशींना खायचा सोडा सुचवला होता. साडेआठच्या पाण्यात सोडा! वर सोडियमचा भार वेगळाच.

तेवढ्यात मोसंबीवाला एक शेतकरी आला. एकराला लिंबूसत्त्व किती टाकू म्हणाला. मावशींनी विकायला ठेवलेली त्याची पुडी मागं सरकवली. "दादा, तुमच्या रानात चुनखडी हाय. पोतं वतलं तरी रान साडेआठच राहील. लोहासाठी हिराकस फवारा, अन् माती विद्यापीठात तपासून घ्या." परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, तरी हा प्रश्न आधी रोपवाटिकेत येतो. उत्तर मात्र नेमकं होतं. रोपाच्या पिशवीतल्या मूठभर मातीत आम्लाचा जोर चालतो. चुनखडीच्या काळ्या रानात चुना ते गिळून टाकतो. शिवाय लिंबूसत्त्व जिवाणूंचं खाद्य आहे, जमिनीत ते फार टिकतही नाही.

त्या पुड्यांपेक्षा मला पत्र्याच्या पन्हाळीखालचं दुसरं टीप जास्त पटलं. पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळपास नसतंच. ते बोरच्या पाण्यात निम्मंनिम्मं मिसळलं, की मावशींचं तीस ग्रॅमात भागतं.