पालक-शिक्षिकांच्या कार्यशाळा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बालवाडीत अथवा अंगणवाडीत जाणाऱ्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पालक आणि त्यांच्या शिक्षिका यांनी गावच्या समाजमंदिरात वा शाळेच्या ओसरीवर एकत्र बसून बालसंगोपनाचा विचार करावा, ही प्रथा आपल्याकडे हळूहळू रूढ होत असली, तरी तिच्याविषयी काही समजुती अशा दृढमूल झाल्या आहेत, की ज्यांना तिची निकड सर्वाधिक, तेच तिच्यापासून दूर राहतात. म्हणून त्या समजुती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

गैरसमज : अशा कार्यशाळा म्हणजे शहरातील सुखवस्तू वर्गाची हौस.

वस्तुस्थिती : १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी, बालशिक्षण मूठभर सधन घरांपुरते राहता कामा नये या निष्ठेने, १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी गावी काम आरंभिले आणि पुढे १९५७ साली, अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन, ते वारली वस्तीच्या सान्निध्यात कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच पाड्यावरच्या अंगणात भरविण्याची, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर नेण्याची तजवीज तेथे झाली. महागड्या साहित्याची जागा शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. पालकांच्या दारी जाऊन त्यांना सहभागी करून घेण्याचा हा परिपाठ अशा रीतीने खेड्यात आणि दारिद्र्यातच वाढला आहे.

गैरसमज : निरक्षर आईबापांचा तेथे काय उपयोग?

वस्तुस्थिती : ताटात मिसळलेले वाल आणि वाटाणे मुलाकडून वेगळे करून घेणारी, जेवणाऱ्या माणसांइतकीच ताटे त्याला मांडावयास लावणारी आणि निजताना त्याला गोष्ट सांगून मध्येच ‘मग काय झाले असेल?’ असे विचारणारी आई वर्गीकरण, गणन आणि भाषा या तिन्हींचे शिक्षण देत असते. ती करीत आहे ते शिक्षणच आहे, याची जाणीव तिला करून देणे एवढेच कार्यशाळेचे काम. महाराष्ट्रातील ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांत गावोगावच्या मातांचे गट बांधले गेले, ते याच विश्वासावर.

गैरसमज : मूल जितक्या लवकर लिहू लागेल, तितके ते हुशार.

वस्तुस्थिती : बोटांच्या आणि मनगटाच्या लहान स्नायूंना बळ आल्यावाचून लेखणी नीट धरता येत नाही, आणि ते बळ माती मळण्याने, मणी ओवण्याने, कागद फाडून चिकटविण्याने येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ आणि कृती यांना अग्रस्थान दिले आहे. तथापि ‘आज काय लिहिले?’ असा पालकांचा रोजचा तगादा असला, की हे तत्त्व जाणणारी शिक्षिकाही नाइलाजाने पाट्या गिरवून घेऊ लागते. म्हणूनच दोघांनी एकाच बैठकीत हा विषय समजून घेतला पाहिजे.

गैरसमज : शिक्षिकेने सांगावे आणि पालकांनी ऐकावे.

वस्तुस्थिती : शिक्षिका मुलाला दिवसाचे काही तासच पाहते, ते घरी कोणत्या बोलीत बोलते, कशाला भिते, कोणाजवळ रमते, हे पालकच जाणतात. वारली, कोकणी वा अहिराणी बोलणाऱ्या घरातील मूल वर्गात मुके बसले, तर ते मंद आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याच्या घरचे चार शब्द शिक्षिकेने आईकडून शिकून घ्यावे. शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे उपरोक्त धोरणही सांगते. ज्या सभेत पालकांना बोलण्याची संधी नाही, ती कार्यशाळा या नावास पात्र नाही.

सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागू आहे. त्याआधीच्या वयाची जबाबदारी प्रामुख्याने घराच्या आणि समाजाच्या विवेकावर उभी आहे. तेव्हा पुढील सभेचा निरोप येईल, त्या वेळी केवळ आईला न धाडता वडिलांनी, आणि घरी असतील तर आजी-आजोबांनीही, अवश्य उपस्थित राहावे, ही कळकळीची विनंती.