सिकलसेल आणि छातीचे दुखणे



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या फडात तोडणीच्या टोळ्या उतरतात. नंदुरबार, धुळे भागातून येणाऱ्या टोळ्यांत भिल्ल, पावरा समाजाची माणसे असतात. या समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. विदर्भात इतर समाजांतही तो आहे. असा माणूस छाती धरून बसला, तर ‘थंडी बाधली असेल’ म्हणून आपण सोडून देतो. तसे का करू नये, ते थोडक्यात सांगतो.

रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचीक असतात, म्हणून बारीक रक्तवाहिन्यांतून सहज सरकतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या ताठ होऊन विळ्यासारख्या वाकतात आणि वाहिनीत अडकतात. सरीच्या तोंडाशी पाचट अडकून पुढचा ऊस कोरडा राहावा, तसेच हे. चांगली पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त कायम कमी.

फुफ्फुसातील वाहिन्या तुंबल्या की छातीत दुखते, ताप, खोकला येतो, धाप लागते. प्राणवायू आणखी घटतो, आणखी पेशी वाकतात, आणि माणूस काही तासांत अत्यवस्थ होऊ शकतो. पुष्कळदा हातपाय, कंबर दुखू लागल्यावर दोन-तीन दिवसांनी हे उपटते. वरून न्यूमोनियासारखेच दिसते, त्यामुळे फसगत होते.

हृदयाचे दुखणे मात्र सावकाश येते. बादली अर्धीच भरत असेल तर खेपा वाढवाव्या लागतात. तसेच, रक्त कमी म्हणून हृदयाला जादा काम पडते व ते मोठे होते. फुफ्फुसातील रक्तदाब वाढला की उजव्या बाजूवर ताण येतो. मोळी उचलताना नेहमीपेक्षा जास्त धाप, पायांवर सूज ही त्याची खूण.

तेव्हा सभासदांना विनंती :

१) सिकलसेलच्या माणसाला छातीत दुखले, ताप वा धाप असली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, ऑक्सिजन व रक्त देण्याची सोय असलेल्या दवाखान्यात पोचवा. आजाराचे नाव डॉक्टरांना आधी सांगा.

२) गावातच सलाईनवर सलाईन लावू नका. जादा सलाईनने फुफ्फुसात पाणी होते.

३) फडावर पिण्याचे पाणी भरपूर ठेवा. कडाक्याच्या थंडीत त्याला पहाटे तोडीला लावू नका. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी हे झटके कमी होतात. डॉक्टरांनी दिल्या असतील तर खंड पडू देऊ नका.

४) १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची रक्ततपासणी होते. मुकादमाला सांगून टोळीची तपासणी करून घ्या.

हा रोग लागट नाही. त्याच्या ताटात जेवले, शेजारी झोपले म्हणून होत नाही. आपला ऊस ज्यांच्या कोयत्यावर कारखान्यात पोचतो, त्यांच्यासाठी वेळेवर एक गाडी काढणे आपल्याला जड नाही.