देव मेंढरं राखतो तेव्हा

निषिद्ध प्रेमाच्या गोष्टी : भाग 9

मुंज्यावरचा भाग वाचून चाकणहून एका वाचक ताईंचं पत्र आलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्या तपासणी विभागात काम करतात. त्या लिहितात, मनातलं मनात राहिलं की त्या माणसाचं आपल्याकडे भूत होतं, हे पटलं. मुंजा, जखीण, लावसट, समंध हे सगळे अपुऱ्या संसाराचेच धनी, हेही पटलं. पण ज्यांनी विरोध पत्करून, चौकट मोडून मनासारखं माणूस मिळवलं, त्यांची एकही गोष्ट आपल्याकडे नाही का? त्या सगळ्या व्हॅम्पायरवाल्यांनीच लिहायच्या का?

या आठवड्यात लॉरेन ऑलिव्हरच्या 'डिलिरियम'विषयी लिहायचं कबूल केलं होतं. ते आता पुढच्या भागात. कारण ताईंनी विचारलेली गोष्ट आपल्याकडे नुसती आहे असं नाही, ती त्यांच्या स्वतःच्या घरात लग्नानंतर रात्रभर गायली गेली असण्याचीच शक्यता जास्त. ती गोष्ट खंडोबा आणि बाणाईची, म्हणजेच बानूची.

आपल्या पट्ट्यात खंडोबा कुठे नाही? आकुर्डीचा खंडोबा माळ आहे, खेड तालुक्यात निमगावचा खंडोबा आहे. मोशी, चिखली, चऱ्होली, चाकणच्या अनेक जुन्या घरांचं तो कुलदैवत. त्या घरांत लग्न लागलं म्हणजे कार्य पुरं झालं असं होत नाही. जागरण घालावं लागतं. पाच उसांचा मांडव, खाली चौक भरलेला, दिवटी-बुधली, कोटंब्यात भंडारा, आणि समोर हळदीची नवी जोडी. पूर्वी हे अंगणात व्हायचं. आता जमिनी गेल्या, वाड्यांच्या जागी इमारती आल्या, तेव्हा ते पार्किंगमध्ये होतं. पण होतं.

चिखलीतल्या अशाच एका जागरणात मी पहाटेपर्यंत बसलो होतो. मध्यरात्रीपर्यंत पाहुणे पेंगत होते, पोरं मोबाइलमध्ये होती. मग वाघ्याने दिमडीवरचा ठेका बदलला, मुरळीच्या हातातली घाटी झणाणली आणि देवाच्या दोन बायकांचं, म्हाळसा-बानूचं भांडण सुरू झालं. मागच्या सतरंजीवरच्या बायका एकदम पुढे सरकल्या. एक मुरळी म्हाळसा झाली, दुसरी बानू. म्हाळसेने विचारलं, माझ्या घरात ही मेंढरांच्या वासाची बाई कुठून आणलीत? बानूने पदर खोचून उत्तर दिलं, मी आले नाही, तुझाच नवरा माझ्या वाड्यावर आला. बायकांमध्ये हशा उसळला. पहिल्या रांगेतली एक आजी तेवढी हसली नाही. ती मान डोलवत बानूच्या बाजूने हुंकार देत होती. त्या हुंकारामुळे मला या गोष्टीचा नाद लागला.

गोष्ट गाणाऱ्यागणिक बदलते, पण कणा एकच. म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. पालीला तिचं देवाशी रीतसर लग्न लागलं. तो सोहळा पौष पौर्णिमेला आजही होतो. पुढे देव सारीपाटाच्या डावात म्हाळसेकडून हरला आणि बारा वर्षांचा वनवास त्याच्या वाट्याला आला. तो गेला चंदनपुरीला, मालेगावजवळ. तिथे धनगराची बानू त्याच्या मनात भरली. मल्हारी म्हणून तिच्यापुढे उभं राहण्याची सोय नव्हती. म्हणून तो म्हातारा, कळकट गडी झाला आणि तिच्या घरी मेंढरं राखायला चाकरीला राहिला.

पॅरानॉर्मल रोमान्स नावाच्या आख्ख्या साहित्यप्रकाराशेजारी मला बानू ठेवावीशी वाटते ती या चाकरीमुळे. स्टेफनी मेयरच्या 'ट्वायलाइट'ची (2005) बेला आठवा. तिचा एडवर्ड देखणा, श्रीमंत, अजरामर. त्याने माणूस व्हावं हा विचार कुणाच्या मनाला शिवत नाही. बदलायचं असतं ते बेलाने. आणि चौथ्या पुस्तकात, 2008 साली, मरणाच्या दारातून ती व्हॅम्पायर होऊन परत येते तेव्हा ते प्रेम सुफळ झालं असं मानलं जातं. त्या पिढीतल्या पुष्कळ कादंबऱ्यांत वाट अशीच वर जाते. खालच्याने चढायचं, आपलं माणूसपण, घरदार, आईबाप मागे टाकायचे आणि वरच्यांच्या जगात दाखल व्हायचं.

बानूच्या गोष्टीत वाट खाली येते. देव उतरतो. आणि उतरतो म्हणजे नुसतं दर्शन देऊन जात नाही. तो वाडा झाडतो, शेळ्यामेंढ्या हाकतो, बोलणी खातो. एके दिवशी बानू त्याला मेंढरं नदीवर नेऊन धुऊन आणायला सांगते. हा गडी मेंढरं धुणं धुवावं तशी दगडावर आपटतो आणि सगळा कळप मरून पडतो. बानू आकांत करते. मग तो सांगतो, उठवतो सगळी, पण माझ्याशी लग्न करशील तर. भंडारा उधळला जातो, कळप उठून उभा राहतो आणि गड्याच्या जागी देव दिसतो.

या शेवटाशी माझं भांडण आहे, आणि ते लपवत नाही. पोटावर पाय आणून मिळवलेला होकार खरा होकार नव्हे. एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत तिच्या नकळत येऊन तिची झोप पाहत बसतो, त्याला आज मुली नावं ठेवतात. तोच न्याय देवालाही लावला पाहिजे. आणि मुरळ्या तो लावतात असा माझा अनुभव आहे. मी ऐकलेल्या जागरणांत बानू मुकाट्याने माळ घालत नाही. ती देवाला आधी फैलावर घेते, म्हाताऱ्याचं सोंग का केलंस म्हणून विचारते, घरात एक बायको असताना दुसरीच्या दारात कसा आलास म्हणून विचारते. त्या आजीचा हुंकार तिथलाच.

समाजाने या लग्नाचं पुढे काय केलं, हा भाग तर त्याहून रसाळ. पहिली गोष्ट केली ती बानूचं मूळ बदलायची. म्हाळसा ही पार्वती, मग बानू कोण? तर ती गंगा. एकदा ती गंगा ठरली की धनगराच्या पोरीशी देवाने लग्न केलं ही अडचणच उरत नाही. शिवाने आपल्याच गंगेला पुन्हा वरलं. कॅसांड्रा क्लेअरच्या 'सिटी ऑफ बोन्स'मध्ये (2007) क्लेरी साधी न्यूयॉर्कची मुलगी म्हणून भेटते आणि थोड्याच पानांत तिच्या अंगात राक्षसांशी लढणाऱ्यांचं रक्त निघतं. या प्रकारच्या कादंबऱ्यांत साध्या मुलीचं कुळ असं वारंवार उघड होतं. कुंपण ओलांडायची परवानगी द्यायची, पण ओलांडणारी मुळात कुंपणापलीकडचीच होती असं मागाहून सांगायचं. कुंपण जिथल्या तिथे राहतं. लोकगीतांनी मात्र बानूची मेंढरं सोडवली नाहीत. गंगा झाली तरी गाण्यात ती धनगरीणच आहे.

दुसरी गोष्ट जेजुरीला गेलात की डोळ्यांनी दिसते. गडावर देवाशेजारी म्हाळसा आहे. बानूचं देऊळ गडाच्या पायऱ्यांवर, अर्ध्या वाटेत. म्हाळसा शाकाहारी, बानू मांसाहारी; दोघींचे नैवेद्य वेगळे. रा. चिं. ढेरे यांनी 1961 साली 'खंडोबा' हा ग्रंथ लिहिला. गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक पुण्यात राहून धनगरांच्या तांड्यांबरोबर फिरले आणि वाण्यांची म्हाळसा व धनगरांची बानू या जोडीकडे शेतीभाती-बाजारपेठ आणि रान-मेंढरं या दोन जगांची जोडणी म्हणून पाहायला शिकवलं. देवाच्या संसारात आणखीही जणी आहेत : रंभाई शिंपीण, फुलाई माळीण, चांदाई. एकेका समाजाने आपली लेक देवाला देऊन त्याला जावई करून घेतलं. मला त्या अर्ध्या वाटेवरच्या देवळात दोन्ही गोष्टी दिसतात. लग्न मान्य झालं, आणि शेजारी बसायची जागा मात्र मिळाली नाही.

आणि याच परंपरेची एक काळी बाजू आहे, ती टाळून पुढे जाणं मला जमणार नाही. मुरळी. नवस फेडायला मुलगी देवाला वाहायची, भंडारा लावून तिचं खंडोबाशी लग्न लावायचं, आणि मग माणसाशी लग्न करायची तिला जन्मभर बंदी. कादंबरीत अलौकिक नवरा मिळणं हे स्वप्न असतं. जेजुरीच्या वाटेवर कित्येक मुलींच्या वाट्याला तो आला आणि त्यांचं आयुष्य उद्ध्वस्त झालं. मार्गारेट ॲटवूडची 'द हँडमेड्स टेल' (1985) वाचताना मला प्रत्येक वेळी मुरळी आठवते. धर्माच्या नावाने बाईचं शरीर वाटून दिलेलं, आणि अशा राज्यात त्या बाईने ड्रायव्हर निकवर जीव लावणं हाच गुन्हा. ॲटवूडने ते भविष्यात घडवलं. आपल्याकडे ते घडून गेलं होतं.

त्याविरुद्ध उभे राहिले शिवराम जानबा कांबळे. 1908 साली त्यांनी पुण्यात 'सोमवंशीय मित्र' हे पत्र सुरू केलं आणि त्यात मुरळीच्या प्रथेवर हल्ला चढवला. शिवूबाई नावाच्या मुरळीने आपली कहाणी लिहून पाठवली, ती त्यांनी छापली. त्या चळवळीतून मुरळ्यांची माणसांशी लग्नं लावण्याचे प्रयत्न झाले. विचार करा, देवाची बायको म्हणून जिला गाव ओळखतं तिने साध्या माणसाच्या हातात हात द्यायचा आणि त्या माणसाने तो धरायचा, हे 1910 च्या आसपास. निषिद्ध प्रेमाच्या सगळ्या कादंबऱ्या एका पारड्यात टाकल्या तरी अशा एका लग्नाचं धैर्य जड भरेल. पुढे कायदे आले : मुंबई इलाख्यात 1934 चा, महाराष्ट्रात 2005 चा. आज जागरणात उभ्या राहणाऱ्या अनेक मुरळ्या संसारी कलावंत आहेत, आणि बानूचं भांडण त्या ज्या ताकदीने उभं करतात त्याला तोड नाही.

2014 मध्ये झी मराठीवर 'जय मल्हार' सुरू झाली. देवदत्त नागे खंडोबा, सुरभी हांडे म्हाळसा, ईशा केसकर बानू. तीन वर्षं ही मालिका चालली आणि ज्या घरांत जागरणाची प्रथा नव्हती तिथेही बानू पोचली. तेव्हा घराघरांत पक्ष पडले होते. म्हाळसेचं दुःख खरं की बानूचं प्रेम खरं? मला वाटतं, दोन्ही खरं ठेवणं हीच या गोष्टीची ताकद. बेलाच्या वाटेत तिसरं माणूस आलं तर ते बाजूला सारता येतं. म्हाळसेला कुणी बाजूला सारू शकलेलं नाही.

आता ताईंच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद. तो सबंध छापणं योग्य नाही, म्हणून आशय सांगतो. त्यांच्याच लाइनवर काम करणारा एक मुलगा मराठवाड्यातून आलेला, कंत्राटी, भाड्याच्या खोलीत तिघांबरोबर राहणारा. जात वेगळी. घरच्यांनी पहिला प्रश्न विचारला, कायम आहे का? दुसरा प्रश्न विचारायची वेळच आली नाही. या पट्ट्यात ही गोष्ट नवी नाही. ज्यांच्या जमिनीवर कारखाने आले त्यांनी खोल्या बांधल्या, त्या खोल्यांत बाहेरून आलेली पोरं राहिली, आणि मालकाच्या घरातली मुलगी व भाडेकरूच्या खोलीतला मुलगा यांच्यामध्ये एक जिना उरला. त्या जिन्यावर किती पहारा असतो हे भोसरीपासून चाकणपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

कादंबरीतल्या डिस्टोपियात प्रेमाला बंदी घालायला सरकार लागतं, गणवेशातले शिपाई लागतात. आपल्याकडे कायदा उलट बाजूने उभा आहे. 1954 चा विशेष विवाह कायदा जात-धर्म विचारत नाही. तीस दिवसांची नोटीस मात्र मागतो, आणि त्या तीस दिवसांत घरचे कुठून कुठे पोचतात हे पळून गेलेल्या जोड्यांना विचारावं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात निकाल दिला, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात कुठल्याही पंचायतीने किंवा जमावाने आडवं येणं बेकायदेशीर आहे. म्हणजे बंदी कागदावर नाही. ती जेवणाच्या ताटावर, भावाच्या नजरेत, मामाच्या फोनमध्ये आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्या घरात लग्नानंतर बानूची कथा लावल्याशिवाय जोडीला देवाचा आशीर्वाद मिळाला असं मानत नाहीत, त्या घराला परजातीच्या मुलाचं नाव ऐकून ताट सारायचा हक्क नाही. तुमचं कुलदैवत कंत्राटी गडी म्हणून राहिलं होतं. कायम नव्हतं. त्याने बानूची मेंढरं राखली, बोलणी खाल्ली, आणि तुम्ही त्याला तळी भरता.

ताई, तुमच्या घरी पुढचं जागरण ठरलं की वाघ्याला बानूचा भाग आखडू नका म्हणून आवर्जून सांगा, आणि त्या वेळी वडिलांना पुढच्या रांगेत बसवा. 'डिलिरियम' पुढच्या आठवड्यात. त्यात प्रेम हा आजार ठरवून अठराव्या वर्षी त्यावर शस्त्रक्रिया करणारं सरकार आहे. ज्यांच्या घरात बारावीनंतर मुलीचा बायोडाटा तयार झाला आहे, त्यांनी तो भाग जरूर वाचावा.