गाडीच्या डोळ्यांतला मोतीबिंदू

पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यात अनेक घरांसमोर बारा-पंधरा वर्षांची जुनी मोटार उभी दिसते. कुणी आखातातून सुट्टीवर आल्यावर घेतलेली, कुणाला थोरल्या भावाकडून मिळालेली. इंजिन ठीक असते, घरच्यांचा जीवही जडलेला असतो. पण पुढचे हेडलाइट पिवळट, धुरकट झालेले असतात. दिवसा ते फक्त वाईट दिसतात. रात्री पावसात भिसे खिंडीतून रोह्याला येताना, मागच्या सीटवर आजारी आजी असताना, तोच धूसरपणा जिवावर बेतू शकतो.

अमेरिकेतील ‘एएए’ या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये अशा खराब झालेल्या हेडलाइटची चाचणी घेतली. नव्या दिव्याच्या तुलनेत ते सुमारे २० टक्केच प्रकाश देत होते. घासून पॉलिश केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला.

असे का होते? जुन्या अॅम्बेसेडर किंवा पद्मिनीच्या हेडलाइटला खरी काच होती. आताची ‘काच’ पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते. ती हलकी आणि मजबूत, पण उन्हातील अतिनील किरण तिला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच तिच्यावर संरक्षक थर देतात. वर्षानुवर्षे उन्हात उभी राहिल्यावर हा थर झिजतो आणि प्लास्टिक पिवळे पडू लागते. रस्त्यावरची धूळ आणि कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय त्यात भर घालते.

दोष कुठे आहे हे ओळखायला सोपी युक्ती आहे. हेडलाइटवर पाणी ओता. ओल्यावर धूसरपणा बराच नाहीसा झाला, तर खराबी बाहेरच्या बाजूला आहे आणि घासून काम होईल. ओल्यावरही तसाच राहिला, आत पाण्याचे थेंब दिसले, तडा असेल किंवा आतला चमकदार आरसा काळवंडला असेल, तर दिवा बदलणेच योग्य.

घासायचे असेल तर आधी साबणाने धुऊन घ्या आणि कडेच्या रंगावर मास्किंग टेप लावा. मग वॉटर पेपर सतत ओला ठेवून ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरने क्रमाने घासा. सुरुवातीला दिवा आणखी पांढरा दिसेल, घाबरू नका. शेवटी पॉलिश लावा.

इथेच बहुतेक जण थांबतात आणि काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा पडतो. कारण घासताना उरलासुरला संरक्षक थरही निघून जातो. म्हणून अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट मारलाच पाहिजे. गॅरेजमध्ये काम देताना ‘पॉलिशनंतर वरून क्लिअर मारणार का?’ एवढा एक प्रश्न नक्की विचारा. टूथपेस्टने चमक येते, पण संरक्षण मिळत नाही. ती चार दिवसांची चांदणी.

प्रकाश कमी पडतो म्हणून जास्त वॉटचा पांढराशुभ्र बल्ब बसवणे हा उपाय नव्हे. धुरकट प्लास्टिकमधून तो प्रकाश विखुरतो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि वायरिंगही तापते. मुंबई-गोवा महामार्गावर समोरचा दुचाकीवालाही कुणाच्या तरी घरचा मुलगा असतो.

दिवा बदलायचा ठरले, तर शक्यतो जोडीने बदला. एक नवा आणि एक जुना असला की दोन्हीकडे प्रकाश सारखा पडत नाही. स्वस्तातला घेताना आपल्या मॉडेलचाच आहे आणि नीट बसतो आहे हे पाहा. बसवल्यावर सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून प्रकाशाची उंची मेकॅनिककडून जुळवून घ्या.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. आपल्या एमएच-०६ गाड्या त्यासाठी पेणच्या आरटीओत न्याव्या लागतात. तिथल्या तपासणीत दिवेही पाहिले जातात. पण त्या तारखेची वाट कशाला पाहायची? पावसाळ्याआधीच्या एखाद्या रविवारी, घरातल्या मोठ्या मुलांना हाताशी घेऊन, हे काम दोन-तीन तासांत उरकता येते. नंतर सावलीत गाडी लावण्याची सवय ठेवली, की ती मेहनत जास्त दिवस टिकते.