बाहुलीवर शिकलेला श्वास

बाळ जन्मायच्या वेळी लेबर रूमबाहेर उभी असलेली सगळी माणसं एकाच आवाजाची वाट बघत असतात. मुलगा की मुलगी, वजन किती, नाक कोणासारखं, हे प्रश्न नंतरचे. आधी सगळ्यांचे कान लागलेले असतात ते रडण्याकडे. घरातल्या कुठल्याही आजीला फोनवर बातमी सांगा, तिचा पहिला प्रश्न हाच असतो : "रडलं का गं लगेच?"

आजीचं बरोबर आहे. ते रडणं म्हणजे बाळाचा श्वास सुरू झाल्याची पावती. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू नाळेतून मिळत असतो. बाहेर आल्यावर काही क्षणांत तो द्रव बाजूला सारून तिथे हवा भरावी लागते. दहातल्या नऊ बाळांना हे आपोआप जमतं. दहावं बाळ मात्र अडखळतं. त्याला कुणाच्या तरी हातांची मदत लागते, आणि तीही एका मिनिटाच्या आत.

त्या मिनिटात बाळाच्या सर्वांत जवळ कोण असतं? बहुतेक वेळा डॉक्टर नाही, तर नर्स. आजचा हा लेख तिच्या हातांविषयी आहे.

तंजावूरची बाहुली आणि दुसरी एक बाहुली

तुम्ही तंजावूरला गेलात तर बृहदीश्वराचं मंदिर बघालच. मराठी माणूस म्हणून भोसल्यांचा राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालयही बघाल. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे पावणेदोनशे वर्षं, इथे मराठ्यांचं राज्य होतं. त्यातल्या सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांना वैद्यकाची फार आवड. त्यांनी 'धन्वंतरी महाल' उभा केला. तिथे देशी वैद्य आणि पाश्चात्त्य डॉक्टर एकत्र काम करत. डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह ठेवलेल्या नोंदी आजही सरस्वती महालात आहेत. उपचार करायचा, काय झालं ते लिहून ठेवायचं आणि त्यातून शिकायचं, ही रीत या गावात दोनशे वर्षांपूर्वीच रुजली होती.

याच शहरात राजा मिरासदार रुग्णालय आहे. नावातला 'मिरासदार' शब्द ऐकून तुम्हाला आपल्याकडचंच काही असल्यासारखं वाटेल. शंभराहून अधिक वर्षांचं हे सरकारी रुग्णालय आज तंजावूर वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे आणि कावेरीकाठच्या गावांतल्या बायका बाळंतपणासाठी इथे येतात. तमिळमध्ये नर्सना 'सेविलियर' म्हणतात. 'सेविली' म्हणजे बाळाला आईच्या मायेने सांभाळणारी दाई. किती नेमका शब्द!

आता बाहुलीकडे येऊ. तंजावूरच्या बाजारात मान डोलावणारी बाहुली मिळते. दुसरा एक प्रकार गोल बुडाचा असतो. त्याला कितीही ढकला, तो पुन्हा सरळ उभा राहतो, कारण त्याचं सगळं वजन तळाशी असतं. घरी आणली की मुलं तासन्‌तास तिच्याशी खेळतात.

नर्स ज्या बाहुलीवर बाळाला श्वास द्यायला शिकतात, तिचं मूळही खेळण्यांतच आहे. नॉर्वेतली लेर्डाल ही कंपनी आधी लाकडी खेळणी आणि मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बनवायची. १९६० साली तिने कृत्रिम श्वास शिकवण्यासाठी माणसाच्या आकाराची बाहुली तयार केली. पुढे साधनं कमी असलेल्या रुग्णालयांसाठी नवजात बाळाएवढी, अगदी साधी बाहुली आली. तिच्यात पाणी भरलं की ती खऱ्या बाळासारखी जड आणि लुळी लागते. शिकवणाऱ्याने हातातला छोटा फुगा दाबला की तिची नाळ ठोक्यासारखी हलते. वीज नको, मोठी खोली नको. टेबलाचा एक कोपरा पुरतो.

त्या एका मिनिटात काय करतात?

या मिनिटाला 'सोनेरी मिनिट' म्हणतात. त्यात करायच्या गोष्टी ऐकायला सोप्या आहेत.

बाळ बाहेर येताच त्याला कोरड्या, उबदार कापडाने नीट पुसायचं आणि ओलं कापड बाजूला टाकायचं. ओलं बाळ फार लवकर गार पडतं. शिवाय हे पुसणंच बाळाला जागं करतं, आणि बरीचशी अडखळलेली बाळं इथेच रडू लागतात. तोंडात स्राव अडकला असेल तर आधी तोंड आणि मग नाक साफ करायचं. पाठीवर हळुवार चोळायचं.

तरीही श्वास आला नाही, तर वाट बघायची नाही. नाळ कापून बाळाला टेबलावर घ्यायचं. मान पुढे वाकलेली नको आणि फार मागे गेलेलीही नको. तोंड आणि नाक झाकेल, पण डोळ्यांवर येणार नाही असा छोटा मास्क लावायचा आणि अंबू बॅग, म्हणजे हवेची रबरी पिशवी, हाताने दाबायची. मिनिटाला ४० ते ६० वेळा. ताल चुकू नये म्हणून नर्स मोजत राहते : दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड. नजर मात्र बाळाच्या छातीवर. छाती उचलली जात नसेल तर मास्क आणि मान पुन्हा नीट करायची.

यात एक गोष्ट अनेकांना नवी वाटेल. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला ऑक्सिजनचा सिलिंडर लागतोच असं नाही. खोलीतली साधी हवा बॅगेतून दिली तरी बहुतेक बाळं सावरतात. आणि जुन्या सिनेमात दिसतं तसं बाळाला उलटं धरून चापट मारणं? ते पूर्ण चुकीचं आहे. त्याने इजा होऊ शकते.

बेळगावने काय दाखवलं?

हे शिकवून खरंच फरक पडतो का? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. बेळगाव आपल्या ओळखीचं आहे. तिथल्या केएलईच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, जिल्हा आणि शहरी रुग्णालयांत बाळंतपण करणाऱ्या ५९९ जणांना बाहुलीवर हे प्रशिक्षण दिलं. प्रशिक्षणाआधीच्या आणि नंतरच्या हजारो जन्मांच्या नोंदी त्यांनी ताडून पाहिल्या. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

प्रसूतीच्या अगदी आसपास दगावून 'मृत जन्मलेलं' म्हणून नोंदल्या जाणाऱ्या बाळांचं प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यावर आलं होतं. म्हणजे हजार जन्मांमागे १७ वरून ९.

हा आकडा थोडा थांबून वाचा. मेलेलं बाळ प्रशिक्षणाने जिवंत होत नाही. मग ही बाळं कुठून आली? याचा अर्थ इतकाच, की 'मेलेलं जन्मलं' असं सांगून कापडात गुंडाळलेली काही बाळं मेलेली नव्हती. ती निळी पडलेली होती, हलत नव्हती, रडत नव्हती. त्यांना एका मिनिटाची मदत हवी होती. किती आयांनी ते दुःख नशिबाचं म्हणून गिळलं असेल!

याच अभ्यासाने दुसरी गोष्टही प्रामाणिकपणे सांगितली. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. पहिला श्वास ही सुरुवात आहे. पुढे ऊब, आईचं दूध, जंतुसंसर्गापासून जपणूक आणि वेळेवर मोठ्या रुग्णालयात नेणं, हे सगळं लागतंच.

एकदा शिकलं की झालं?

भारत सरकारने २००९ साली नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. त्यात नर्स, एएनएम आणि डॉक्टरांना दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. पण खरी अडचण तिसऱ्या दिवसापासून सुरू होते.

टांझानियातल्या हायडम या ग्रामीण रुग्णालयाचा अनुभव बघा. २०१० साली तिथे एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. बाहुलीवर सगळ्यांचे हात छान चालू लागले. खऱ्या बाळंतपणात मात्र काही बदल दिसेना. मग त्यांनी बाहुली लेबर रूममध्येच आणून ठेवली. कामावर असताना काही मिनिटांचा सराव, पण वारंवार. त्यानंतर पहिल्या २४ तासांतले बाळांचे मृत्यू सुमारे ३५ टक्क्यांनी घटले.

तुम्ही लहानपणी शिकलेली हार्मोनियम आठवून बघा. सूर माहीत असतात, पण बोटं विसरतात. इथेही तसंच. वर्षातून काही वेळाच वापरावी लागणारी विद्या घाबरलेल्या क्षणी हातात यायची असेल, तर ती रोजच्या सवयीची असावी लागते. तंजावूरच्या बाहुलीचं वजन तळाशी असतं म्हणून ती धक्का बसला तरी सावरते. नर्सच्या बाबतीत ते वजन म्हणजे सराव.

आणि त्यासाठी मोठी पदवी लागत नाही, हे आपल्या गडचिरोलीने दाखवून दिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत तिथल्याच कमी शिकलेल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या बायका पुढे अंबू बॅगही वापरू लागल्या, आणि जन्मताना श्वास कोंडून होणारे मृत्यू सुमारे ६५ टक्क्यांनी कमी झाले. २०११ पासून आशाताई देशभर घरोघरी जाऊन बाळं तपासू लागल्या, त्यामागे हाच अनुभव आहे.

मग अडतं कुठे? रात्रपाळीला एकच सिस्टर आणि बाळंतपणं दोन. जिने प्रशिक्षण घेतलं तिची बदली दुसऱ्या वॉर्डात. बाहुली खराब होऊ नये म्हणून कपाटात कुलूपबंद. बॅग आहे, पण बाळाच्या मापाचा मास्क नाही. आणि 'डॉक्टर आल्याशिवाय हात कसा लावू?' ही भीती. यातल्या जवळजवळ एकाही गोष्टीला महागडं यंत्र लागत नाही.

लहान मुलांच्या वॉर्डातही हेच तत्त्व चालतं. मोठ्या माणसाचं हृदय अनेकदा अचानक बंद पडतं. मुलांमध्ये बहुतेक वेळा आधी श्वास अडतो आणि मग हृदय थांबतं. म्हणून मुलांच्या नर्सला सर्वांत आधी श्वास ओळखता यावा लागतो.

तुम्ही काय करू शकता?

२०२० च्या सरकारी आकडेवारीनुसार पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजार जन्मांमागे देशात २०, महाराष्ट्रात ११ आणि तमिळनाडूत ९ होतं. हे आकडे अजून खाली येऊ शकतात, आणि त्यात आपलाही वाटा असू शकतो.

घरात कुणी गरोदर असेल, तर रुग्णालय ठरवताना खोलीला एसी आहे का हे जरूर विचारा. पण त्याआधी हे चार प्रश्न विचारा :

• बाळंतपणाच्या वेळी फक्त बाळाकडे बघणारी, प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती असेल का?
• अंबू बॅग आणि बाळाच्या मापाचा मास्क लेबर रूममध्येच ठेवलेला असतो का?
• तुमच्या सिस्टर याचा सराव किती दिवसांनी करतात?
• बाळाला जास्त उपचार लागले तर कुठे नेणार, आणि गाडीची सोय काय?

आवाज चढवून नाही, आपुलकीने विचारा. विचारणारी माणसं वाढली की कपाटातली बाहुली आपोआप बाहेर येते.

आणखी एक. आपल्याकडे वाढदिवसाला सरकारी दवाखान्यात फळं वाटायची छान पद्धत आहे. यंदा तुमच्या मंडळाने किंवा सोसायटीने तिथल्या प्रमुख सिस्टरना आधी भेटून विचारलं तर? कदाचित त्यांना सरावाची बाहुली हवी असेल, कदाचित दोन नवे मास्क. फळं दोन दिवसांत संपतात. बाहुली कित्येक वर्षं शिकवत राहते.

आणि घरात बाळ आलं, ते जोरात रडलं आणि सगळे पेढे वाटायला धावले, की क्षणभर मागे वळा. कागदावर जन्माची वेळ लिहीत एक सिस्टर तिथे उभी असेल. पहिला पेढा तिला द्या.