सहरीच्या आधीची धडधड

रात्रीचे अडीच. सहरीसाठी उठवणाऱ्यांची हाक यायला अजून अवकाश असतो, पण घरातली सत्तरीची आजी केव्हाची जागी असते. कूस बदलली की छातीतली धडधड थेट कानात ऐकू येते. सकाळी ती म्हणते, “रातभर दिल घबरा रहा था.” घरातलं उत्तर ठरलेलं, “वय झालं, टेन्शन घेऊ नका.” पलीकडच्या गल्लीत हरिपाठ म्हणून अंथरुणाला पाठ टेकणाऱ्या आजोबांनाही हेच उत्तर मिळतं.

उत्तर अर्धं खरं आहे. निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिकत नाही; श्वास घेताना ठोके किंचित जलद, सोडताना किंचित मंद होतात. ही लवचीकता वयाबरोबर कमी होते. गाढ झोपेत नाडी मंदावून हृदयाला विसावा मिळतो. काळजीने जागणाऱ्याचं शरीर मात्र रात्रभर पहाऱ्यावर असतं. मग धडधडीने काळजी, काळजीने जागरण.

उरलेलं अर्धं धोक्याचं. पासष्टीनंतर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ वाढतं. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त साकळतं, आणि गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजावी. ठोके वेडेवाकडे लागले तर ईसीजी काढावाच. हा दोष येतो-जातो, म्हणून एक ईसीजी नॉर्मल आला की विषय संपत नाही. डॉक्टर 24 तासांचं होल्टर यंत्रही लावतात. छातीत दुखलं, धाप लागली, भोवळ आली तर सकाळची वाट पाहू नये.

शेजारणीच्या चिठ्ठीवर आणलेली झोपेची गोळी म्हातारपणी पाडते, विसरभोळं करते. 2016 साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट निद्रानाशावर गोळीआधी वर्तनोपचार सुचवला: रोज ठरल्या वेळी उठणं, झोप येत नसेल तर अंथरूण सोडणं, घड्याळाकडे न पाहणं. इफ्तारनंतरचा कडक चहाही आठवावा. त्यातलं निम्मं कॅफीन सुमारे पाच तासांनीही रक्तात असतं.

आजाऱ्याला रोज्यातून सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. तरी आजी ऐकत नाहीत, हा घरोघरचा अनुभव! निदान रक्त पातळ करणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. त्यांच्याकडे जाताना आठवडाभराची नाडी आणि झोपेच्या वेळा कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून न्याव्यात. ते काम नातवाला सांगावं. आजी त्याला नाही म्हणत नाहीत.